डाव्या बाजूचा खण

सकाळी आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत मी बोलत नाही. फार जुना नेम आहे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, आणि गॅसवाला आला तर समोरच्या मंदाकिनीबाई त्याला सांगतात, "त्या आत्ता बोलायच्या नाहीत, खुणेनं विचार." फोन मात्र मी उचलते. ऐकते आणि हातातल्या वाटीवर चमचा वाजवते. एकदा वाजवला तर हो, दोनदा वाजवला तर नाही. ही युक्ती रसिकाने काढली, ती कॉलेजात असताना. लोकांच्या आया फोनवर बोलतात, माझी मावशी वाजते, असं ती मैत्रिणींना सांगायची.

रसिका मला मावशी म्हणते. मी तिची मावशी नाही. तिची आई, जया, काविळीने गेली तेव्हा रसिका चार वर्षांची होती, आणि वर्षाच्या आत मी या घरात आले. बिजवराला दिलेली मुलगी. मला स्वतःला मूल झालं नाही. तेव्हा ती माझी जी कोण आहे ती आहे, आणि नाव मावशी.

दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं, तेव्हा तिचा असाच सकाळचा फोन आला.

"मौनात आहेस ना? बरंय, मला सलग बोलता येईल. घराचा ताबा मिळाला. घोडबंदर रोडचं गं, बारावा मजला. किचनचं काम चालू झालंय. वास्तुशांतीला तुला चार दिवस आधी न्यायला येते, येशील ना?"

मी एकदा वाजवलं.

"आणि एक. रागावू नकोस. आईचं ते आरशाचं टेबल आहे ना, ते मला हवंय. माझ्या खोलीत ठेवीन. तिचं म्हणून माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये. देशील?"

मी एकदा वाजवलं. चमचा जरा उशिरा पडला असेल, पण वाजवलं.

"तो निळा रंग तेवढा काढून टाकू. इथे आमचा फर्निचरवाला आहे, तो करेल."

मी दोनदा वाजवलं.

"म्हणजे? रंग नाही काढायचा?"

पुन्हा दोनदा. ती हसली. "कळलं. तू काढणार. मावशी, वय काय तुझं? बरं, काढ. पण दमू नकोस."

तो निळा रंग माझ्यासाठी लावलेला होता. लग्न होऊन मी पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं तेव्हा ऑइलपेंटचा वास अजून गेला नव्हता. नव्या बाईला जुनं दिसू नये म्हणून ह्यांनी स्वतः दोन हात मारले होते, मुठींवरून, फटींवरून, आरशाच्या कडेवर शिंतोडे उडवून. मला निळा रंग कधी आवडला नाही. पण ते मी बोलले नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. माझ्यापायी लागलेला रंग, तो मीच काढलेला बरा.

*

आमच्या देव्हाऱ्यात एका कोपऱ्यात चांदीचा एक टाक आहे, बोटाच्या पेराएवढा. त्यावर लुगड्यातली एक बाई आहे. सोनाराने नाकडोळे आपले नेहमीचे काढलेत, ती कोणीही असू शकते. ती जयाताई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक देवात ठेवायचा, रोज तिला हळदकुंकू वाहायचं, नैवेद्यातली एक वाटी तिच्यापुढे ठेवायची, म्हणजे ती रुसत नाही, असं माझ्या आईने मला सांगून पाठवलं होतं. सुरुवातीला मी भीतीने करायचे. मग सवयीने करू लागले. हे गेले, घरात मी एकटी उरले, त्यानंतर मात्र ते वेगळंच झालं. मौनात माणूस मनात कोणाशी तरी बोलतच असतो. देवाशी किती बोलणार, तो ऐकून घेतो. मी ताईंशी बोलू लागले. आज भाजीला काय करू, गुडघा कालपेक्षा बरा आहे, मंदाकिनीबाईंची सून पुन्हा माहेरी गेली. त्या सव्विसाव्या वर्षी गेल्या. आता माझ्या मुलीच्या वयाहूनही लहान. तरी मी त्यांना ताईच म्हणते.

पण त्यांच्याबद्दल मला माहीत काहीच नव्हतं. घरात त्यांचं नाव घेत नसत. लग्नातला एक फोटो होता, त्यात मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. टेबल त्यांच्या वडिलांनी त्या शाळेत असतानाच सागवानाचं करून घेतलं होतं आणि लग्नात त्यांच्याबरोबर पाठवलं, एवढं ह्यांनी एकदा सांगितलं होतं. तेही टेबलाबद्दल, ताईंबद्दल नव्हे.

*

टेबल गॅलरीत काढायला खालचा प्रितम आला. आमची बिल्डिंग त्यांच्याच जागेवर आहे. पूर्वी इथे त्यांची चाळ होती, तिथे आम्ही भाड्याने राहायचो. चाळ पडली, बिल्डिंग झाली, आम्ही वर आलो आणि आवडाबाई, म्हणजे प्रितमची आई, तळमजल्यावर राहिल्या. प्रितमचे आता रिक्षाचे आणि पाण्याच्या टँकरचे धंदे आहेत, गळ्यात जाड साखळी आहे, पण वरच्या काकीने हाक मारली की चहा अर्धा टाकून येतो.

"काकी, माझ्याकडं घासायचं मशीन हाय. दहा मिन्टांत साफ," तो म्हणाला. "तुम्ही हातानं घासाल तर पुढच्या दिवालीला हुईल."

"मग पुढच्या दिवाळीला होऊ दे," मी म्हटलं.

"आनि रसिका काय घराला कुलूप लावून बसंल?"

त्यानेच मला रंग खरवडायची पत्री, रंग काढायचं औषध आणि तीन-चार प्रकारचे पॉलिश पेपर आणून दिले. औषधाचा वास उग्र होता. मला वाटलं, बिल्डिंगमध्ये तक्रार होईल. मी मंदाकिनीबाईंना आधीच सांगून ठेवलं.

"अहो, एमआयडीसीचा वास घेत जन्म गेला," त्या म्हणाल्या. "तुमचं औषध आम्हाला अत्तरच."

देव्हाऱ्यात माझा दिवा दिवसरात्र असतो. पुढे पॉलिशला स्पिरिट लागणार, म्हणून सगळं काम गॅलरीतच करायचं आणि मधलं दार लावून घ्यायचं, असं प्रितमने बजावलं. "नायतर काकी, देवाच्या आधी आपल्यालाच ओवालायला लागंल."

रोज दुपारी जेवण झालं की मी बसायचे. आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. औषध लावायचं, थोडं थांबायचं, निळ्याला सुरकुत्या पडल्या की पत्रीने ओढायचं. दुधावरची जाड साय निघावी तसा रंग निघायचा. खालून पिवळं सागवान. मला वाटलं होतं, आपल्याला रडू वगैरे येईल. नाही आलं. पाठ दुखली फक्त. आणि दुपारी इतकी शांतता असते, लोक कामावर, मुलं शाळेत, की पत्रीचा आवाज समोरच्या बिल्डिंगवरून परत ऐकू यायचा.

टेबलाला आरशाखाली दोन लहान खण आहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यांच्याखाली दोन मोठे. उजवा लहान खण मी इतकी वर्षं वापरला. त्यात माझी फणी, कुंकवाचा करंडा, पिना. डावा कधी उघडलाच नाही. ह्यांनी फटींतही रंग भरल्यामुळे तो चिकटून बसला होता, आणि मलाही दुसऱ्या खणाची गरज नव्हती. माझ्याकडे होतं काय ठेवायला?

औषधाने फट सुटली आणि खण बाहेर आला. आत काही नव्हतं. तळाला वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला, हात लावला तसा तुटला. मी कागद काढून टाकला, खण मांडीवर घेतला आणि त्याची दर्शनी बाजू घासायला लागले.

मुठीच्या खाली लाकडावर बारीक बारीक ओरखडे निघाले. चंद्रकोरीसारखे वाकडे, एकावर एक. मला वाटलं माझ्या पत्रीचे. मग लक्षात आलं, हे रंगाच्या खालचे आहेत. आत पॉलिश मुरलेले, जुने. मी माझ्या उजव्या खणाकडे पाहिलं. त्याच्या मुठीखाली निळ्या रंगावर तसेच ओरखडे होते. ते माझे. खण ओढताना बांगड्या खाली घासतात, त्याचे.

म्हणजे हे ताईंच्या बांगड्यांचे.

मी तिथेच बसले. औषधाने बोटं चुरचुरत होती, तरी धुवायला उठवेना. इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा भेटत होत्या.

मग दुसरी गोष्ट दिसली. माझ्या खणाच्या मुठीच्या डाव्या अंगाला रंग उडालेला आहे. उजव्या हाताने मूठ धरली की अंगठा डावीकडे येतो, त्यामुळे. ताईंच्या खणाला मात्र मुठीच्या उजव्या अंगाला एक खोलगट जागा होती, गुळगुळीत, करंगळीच्या नखाच्या जाडीएवढी खोल. मी उजवा हात लावून पाहिला. अंगठा भलतीकडेच पडत होता. मग डावा लावला. अंगठा त्या खोलग्यात बसला.

मी हात काढून घेतला. कोणाचा तरी हात न विचारता धरल्यासारखं झालं.

*

रसिका डावखुरी आहे. अजूनही लिहिते डाव्याने, जेवते तेवढं उजव्याने. जेवणाचा हात सासूबाईंनी बदलला. मी या घरात आले तेव्हा त्या जेवायच्या वेळी रसिकाचा डावा हात फडक्याने पाटाला बांधायच्या. "ही खोड या घरात पुरे झाली," असं म्हणायच्या. हे समोर बसून जेवायचे. मी नवी होते, त्यात सावत्र, मी काय बोलणार? ते फडकं धुवायला मात्र माझ्याकडे यायचं. मी ते रोज धुवायचे, आणि नेमकं जेवायच्या वेळी ते ओलं असायचं. सासूबाई मला म्हणायच्या, "एवढंसं फडकं वाळवता येत नाही तुला?" मी म्हणायचे, "हवाच तशी आहे."

पुरे झाली. त्या दोन शब्दांकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर मी खाली आवडाबाईंकडे गेले. त्या दारात बसून लसूण सोलत होत्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, पण ते त्यांच्या सोयीने.

"आवडाबाई, चाळीत असताना आमच्या घरातल्या जयाताई तुम्हाला आठवतात?"

"जया? आठवतं तर. का गो?"

"त्या डाव्या हाताच्या होत्या?"

"डावरीच व्हती. भाजी चिराला इलीवर अशी उलटी बसाची, आमी सगल्या हसाचो तिला. नळावर पन भांडी डाव्या हातान घासाची. चार बायकांत एकटी उलटी. तुझी सासू बोलाची, हिच्या हातचा निवद देव घेनार नाय." त्यांनी लसणीची साल फुंकली. "चांगली व्हती पोर. लई हसाची."

"मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू कवा इचारलास?"

खरंच होतं. सवतीबद्दल कोणाला विचारायचं, आणि लोक काय म्हणतील, म्हणून मी कधी विचारलं नाही. आणि न विचारता कोण सांगतं?

वर येताना जिन्यात मी दोनदा थांबले. लई हसायची. टाकावरच्या बाईला सोनाराने तोंड मिटलेलं दिलं आहे.

*

पुढचे दिवस मी डावा खण बाजूला ठेवून बाकीचं टेबल केलं. जाड पेपर, मग मऊ पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून वाळवणं. प्रितम एकदा येऊन बघून गेला. त्याने डावा खण उचलला आणि उजेडात धरला.

"काकी, ह्याला खड्डा हाय. पुट्टी भरा नि घासून टाका, कलनार पन नाय."

"नको."

"अवो, नव्यासारखा दिसंल."

"नव्यासारखा नकोच आहे," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खण जपून खाली ठेवला. पोरगा धंद्यात असला तरी समजूतदार आहे.

पॉलिशसाठी लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली होती. कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात बांधून त्याने हात द्यायचे, एकाच दिशेने, थांबायचं नाही, मागे यायचं नाही. नामस्मरणासारखंच आहे ते, हाताला लागलं की मन मोकळं होतं. डाव्या खणाला मी सर्वांत शेवटी पॉलिश केलं, पेपर न लावता. ओरखडे चपडीने उलट उठून दिसायला लागले.

आणि त्या दुपारी मी ताईंना मनात म्हटलं की हे आपल्या दोघींत राहू दे.

हे मी का म्हटलं, ते सांगते. टेबल जाणार होतं. ज्या भिंतीला ते इतकी वर्षं होतं तिथे काय ठेवायचं, हे मला सुचत नव्हतं. रसिका टेबल नेणार, ते तिचंच, नेऊ दे. पण ताई डाव्या हाताने खण उघडायच्या आणि खूप हसायच्या, हे आता मला माहीत होतं. तेवढं एक माझ्यापाशी असावं असं वाटलं. मुलीला सांगायला हवं होतं, हेही कळत होतं. वास्तुशांतीला सांगू, असं मी मनाला समजावलं. तोवर चार दिवस त्या माझ्याकडे राहिल्या तर काय बिघडलं?

रसिका टेम्पो घेऊन आली तेव्हा घाईत होती. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. टेबल पाहून ती थबकली.

"मावशी, हे तू केलंस? खरंच तू?" तिने वरच्या फळीवरून हात फिरवला. डावा हात. "आईच्या वेळी असंच असेल ना?"

"असंच असेल," मी म्हटलं.

"तुला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही ना गं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हमाल वर आले, आरसा आधी की टेबल आधी यावरून त्यांचं आणि प्रितमचं वाजलं, आणि रसिका ओरडत जिन्याकडे धावली. टेबल गेलं. भिंतीवर त्याच्याएवढा एक चौकोन राहिला, बाकी भिंतीपेक्षा उजळ.

*

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी फोन आला. मी गव्हल्यांची खीर गॅसवर ठेवली होती. नैवेद्याला अवकाश होता.

"मौनात आहेस ना, बोलू नकोस, फक्त ऐक," रसिका म्हणाली. मागे कसलंसं मशीन चालू होतं. "फर्निचरवाला आलाय. टेबल बघून म्हणाला, काम एक नंबर. पण त्या डाव्या खणाला खड्डा आहे आणि ओरखडे आहेत, तुझ्या नजरेतून सुटलं असेल. तो भरून, घासून, वरून एक कोट मारून देतोय. एवढं चांगलं झालंय तर तेवढंच कशाला राहू दे? तुझ्या मेहनतीला हात लावतोय म्हणून सांगितलं. चालेल ना?"

मी दोनदा वाजवलं.

"का गं? अगं, कळणार पण नाही."

दोनदा.

"मावशी, तो उद्यापासून दुसऱ्या साइटवर जातोय. आत्ताच करून घेते, तू बघशील तेव्हा तुलाच आवडेल. दादा, तुम्ही घ्या घासायला."

मी पुन्हा दोनदा वाजवलं, मग पुन्हा. वाटी हातातून निसटून ओट्यावर गरगरली. आता वाजवायलाही काही नव्हतं. मशीनचा आवाज जवळ आला. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. दिवा होता, देव होते, कोपऱ्यात ताई होत्या, तोंड मिटून.

"घासू देऊ नकोस," मी म्हटलं.

सकाळचा माझा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. घोगरा होता, कोणा दुसरीचा वाटावा असा.

"मावशी? तू बोललीस?"

"आधी त्याला थांबव."

"थांबा हो दादा. बंद करा ते." मशीन थांबलं. "काय झालं? बरी आहेस ना तू?"

"ती तुझ्या आईच्या हाताची जागा आहे. मुठीच्या उजव्या बाजूला आहे ना, ती तिच्या अंगठ्याची. ओरखडे तिच्या बांगड्यांचे. डाव्या हाताच्या. ती डावखुरी होती, रसिका."

 

"तुला कोणी सांगितलं?"

"रंग काढताना दिसलं. मग आवडाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नळावर चार बायकांत ती एकटी उलटी. आणि म्हणाल्या, ती खूप हसायची."

मग अगदी हळू तिने विचारलं, "आजीला माहीत होतं?"

"हो."

"बाबांना?"

मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, पण ते गेलेले आहेत, आणि मी त्यांची बायको आहे.

"आजी माझा हात बांधायची तेव्हा बाबा समोर बसलेले असायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी चुकलंय. कोणावर गेलेय मी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, जेव."

"हो."

"तुला हे कधी कळलं?"

"टेबल न्यायला आलीस त्याच्या आधी."

हे मी लपवू शकले असते. नाही लपवलं. तिने श्वास घेतलेला ऐकू आला.

"ठेवते मी," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

खीर तळाला लागली होती. वरची वरची वाटीत काढली. नेम मोडला होता, आता नैवेद्य दाखवायचा की नाही, ते मला ठरवता येईना. विचारायला कोणी नव्हतं. शेवटी मी दोन्ही वाट्या ठेवल्या, देवाची आणि ताईंची, पाणी फिरवलं आणि हात जोडून बसले. नेहमी मी ताईंशी मनात बोलते. त्या दिवशी तोंडाने बोलले, मोडलंच होतं तर. म्हटलं, "दिलं बाई तुम्हाला तिच्याकडे. आता तुम्ही दोघी बघून घ्या."

घरात तो आवाज जरा फिरला आणि भिंतीवरच्या उजळ चौकोनाकडे कुठेतरी विरून गेला. मग दिवसभर कोणाशी बोलायची वेळ आली नाही. संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी दारातून विचारलं, "आज गप्प गप्प?" मी म्हटलं, "नाही, बोलले की सकाळी." त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

रसिकाचा फोन आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी नेम पहिल्यापासून धरला. मोडलेलं व्रत पुन्हा धरता येतं, फक्त आधीची वर्षं त्यात मोजायची नाहीत. भाताचं आधण ठेवलं आणि फोन वाजला.

"मी आहे," रसिका म्हणाली. "बोलू नकोस हां आज. काल माझ्यामुळे मोडलंस."

मी वाटी हातात घेतली.

"एक ऐकवते. थांब."

फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग खण उघडल्याचा. तो थोडा कुरकुरतो, मेण लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. मग बंद झाल्याचा. पुन्हा उघडल्याचा.

"बसतो," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला नव्हता, रात्री झोपली नसावी. "अंगठा बसतो माझा. मी सकाळपासून उघडतेय आणि लावतेय. समृद्धी म्हणते, मम्मी काय झालं तुला."

मी एकदा वाजवलं.

"काल मला तुझा राग आला होता. आधी का सांगितलं नाहीस म्हणून. मग बाबांचा आला. मग कोणाकोणाचा येत राहिला. आता नाही. म्हणजे तुझा नाही. मावशी, देव्हाऱ्यात तिचा तो टाक आहे ना? तो पण मला दे. मी इथे ठेवीन, टेबलाच्याच खणात. किती वर्षं करशील तू? ती तुझी कोणी लागतही नव्हती. आता तुला सुटका हवी गं."

आधण उकळायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला. देव्हाऱ्यात ताईंच्या टाकावर सकाळचं कुंकू होतं, जरासं ओघळलेलं. ते मी उजव्या हाताने लावते, म्हणून नेहमी एकाच बाजूला ओघळतं.

मी वाटी दोनदा वाजवली.

 का, असं रसिकाने विचारलं नाही. मौनातल्या माणसाला का विचारायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडे."

फोन ठेवला. भात वैरला, शेवटची काकडी चिरली, पानावर मीठ वाढलं. ताईंच्या वाटीत आज वरण होतं. ती वाटी मी रोज टाकाच्या उजव्या हाताला ठेवत आले. आज ती उचलून डावीकडे ठेवली.